कडू डब्यातलं गोड

फराळाच्या ऑर्डरची यादी हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येते. चिवडा, चकली, करंज्या, अनारसे, आणि तळाशी जरा ठळक अक्षरांत 'हेल्दी चॉकलेट लाडू (साखर नाही, मैदा नाही)'. संपादकांनी या अंकासाठी 'घरच्या गोडाचं नवं रूप' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पुरणपोळीचे प्रकार असावेत. मी मात्र या शेवटच्या ओळीच्या मागे लागले. त्या लाडवात चॉकलेट नसतंच. असते ती कोको पावडर, चिमूटभर नुसती जिभेवर टाकली तर तोंड वाकडं होईल अशी कडू, कोरडी भुकटी. तिचं गोड करायचं आणि वर त्याला पौष्टिकही म्हणायचं, हे जमतं कसं, ते कढईपाशी उभं राहून बघायचं होतं.

डबा उलटा करून वाचताना

सुरुवात दुकानापासून केली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केक-चॉकलेटच्या सामानाची दुकानं आहेत. गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मोदकाचे साचे, चमकी कागद, सुक्यामेव्याचे तुकडे, आणि गठ्ठ्याने रचलेल्या 'कंपाउंड'च्या लाद्या. थंड हवेच्या ठिकाणी 'होममेड' म्हणून मिळणारी बरीच चॉकलेटं या लाद्या वितळवून, साच्यात ओतून होतात. घरी केलेली म्हणायला हरकत नाही, पण लादीवरची यादी वाचली तर पहिलं नाव साखरेचं असतं, दुसरं वनस्पती तेलाचं. कोको मागून येतो.

कोको पावडरीच्या पाकिटात तसं नसतं. तिच्यात साखर जवळपास नाहीच. १०० ग्रॅम कोकोत जेमतेम पावणेदोन ग्रॅम साखर, तंतू मात्र ३० ग्रॅमच्या वर. चॉकलेटची चव हवी आणि साखर किती घालायची ते आपण ठरवायचं, तर हा एकच डबा कामाचा. लादीतली साखर कारखान्याने आधीच ठरवलेली असते, ती नंतर काढून घेता येत नाही. शेजारच्याच फळीवर 'ड्रिंकिंग चॉकलेट'चा डबा असतो, रंगाने सारखाच. त्यात बहुतांश साखर. गर्दीत पुष्कळ जण हा उचलतात आणि घरी जाऊन म्हणतात, कोको काही कडू नसतो.

दुकानदाराने विचारलं, "लाइट की डार्क?" बहुतेक गिऱ्हाईक डार्क मागतं, कारण रंग छान येतो आणि गडद म्हणजे अस्सल अशी समजूत आहे. प्रकार उलटा आहे. कोको मुळात आंबटसर आणि फिकट तांबूस असतो. त्याला अल्कली, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार दिला, की आंबटपणा मरतो, रंग गडद होतो, पावडर दुधात लवकर मिसळते. याला डच पद्धत म्हणतात. पण ज्या फ्लॅव्हॅनॉल नावाच्या द्रव्यांमुळे कोकोचं आरोग्याच्या पानांवर एवढं कौतुक होतं, ती याच प्रक्रियेत जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैसर्गिक कोकोत ग्रॅममागे सरासरी ३४ मिलिग्रॅमहून थोडी जास्त फ्लॅव्हॅनॉल सापडली होती. भरपूर अल्कली दिलेल्या कोकोत ती ४ मिलिग्रॅमच्याही खाली होती. म्हणजे पावडर जितकी काळीभोर, तितका तो गुण कमी.

पाकीट उलटं केलं की हे कळतं. घटकांच्या यादीत 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर' आणि पुढे ५००, ५०१ किंवा ५२५ असा आकडा असेल तर अल्कली दिलेली आहे. नुसतं 'कोको' किंवा 'कोको सॉलिड्स' असेल तर नैसर्गिक असण्याची शक्यता जास्त. सुट्या पावडरीला यादीच नसते, तिथे रंग आणि जीभ हीच परीक्षा. केकवाल्यांना हा फरक वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. नैसर्गिक कोको आंबट असल्याने त्यावर खायचा सोडा फुलतो, अल्कली दिलेल्यावर फुलत नाही, तिथे बेकिंग पावडर लागते. लाडवाला दोन्ही चालतात, म्हणून लाडू करणाऱ्या हा प्रश्न विचारतच नाहीत.

भाव विचारला तर दुकानदाराने नुसता हात वर केला. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्याआधी वर्षानुवर्षं तो दोन-तीन हजारांत खेळत असे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पाऊस बिघडला, झाडांवर रोग पडला, आणि त्याची झळ इथल्या फराळाच्या यादीपर्यंत आली. नंतर वायदे उतरले. किरकोळ दुकानात चढलेला भाव किती हळू उतरतो, हे गृहिणींना सांगायला नको.

सुपारीच्या सावलीत

हे झाड आपल्यापासून फार लांब नाही. महाराष्ट्रात कोकोची शेती म्हणावी अशी नाही, पण मंगळुरूकडून पुत्तूरला जाताना सुपारीच्या बागांत डोकावलं की दोन ओळींच्या मध्ये, सावलीत उभी असलेली ही बुटकी झाडं दिसतात. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत मिळून देशातला कोको पिकतो. आंध्रात तो नारळ आणि तेल-पामच्या खाली वाढतो. स्वतंत्र कोकोचा मळा आपल्याकडे सहसा नसतो, हे दुसऱ्याच्या सावलीतलं पीक आहे. १९६५च्या सुमारास कॅडबरीने वायनाडमध्ये लागवडीचे प्रयोग सुरू केले. पुढे ऐंशीच्या आसपास भाव कोसळले, खरेदीदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा सुपारी उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था खरेदीत उतरली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात ओळखीचं बरंच काही सापडेल.

फळ फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडाला लागतं. पिकलं की पिवळं किंवा तांबूस. फोडलं की आत पांढऱ्या, बुळबुळीत, आंबटगोड गरात बसलेल्या तीस-चाळीस बिया. खारी आणि उंदीर या गरासाठी फळं पोखरतात, आणि बागाइतदाराची निम्मी चिडचिड त्यांच्यावरच असते. माणसाला हवी असते ती बी, आणि कच्ची बी चावली तर चॉकलेटशी तिचा काही संबंध आहे असं वाटतही नाही. गरासकट बिया पेटीत किंवा ढिगात पाच-सहा दिवस आंबवतात, मधूनमधून उलथतात, मग उन्हात वाळवतात. चॉकलेटच्या चवीचा पाया या आंबवण्यात पडतो. भाजणं त्याच्या नंतरचं.

भाजलेल्या बिया दळल्या की दाट लगदा होतो, त्यात निम्म्याहून जास्त चरबी, म्हणजे कोको बटर. १८२८ साली अॅमस्टरडॅमच्या व्हॅन हौटेन घराण्याने दाबयंत्राने हे बटर वेगळं काढायची पद्धत पेटंट केली. तेलघाण्यातून शेंगदाण्याची पेंड उरावी तशी इथेही घट्ट वडी उरते. ती कुटून चाळली की आपली कोको पावडर. दहा-बारा टक्के चरबी राहिली तर हलकी, वीस-चोवीस टक्के राहिली तर भारी. आपल्याकडे घरगुती पाकिटात सहसा हलकीच मिळते. लाडवाला तूप पडणारच असतं, त्यामुळे तीच पुरते.

रंग सांगत नाही, वास सांगतो

डोंबिवलीत ज्यांच्या स्वयंपाकघरात मी उभी राहिले, त्या काकू पंचवीसेक वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतात. नाचणी-कोकोचा लाडू त्यांनी सुनेच्या आग्रहावरून सुरू केला. आता डिंकाच्या लाडवापेक्षा त्याला मागणी जास्त, हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती.

प्रमाण त्यांनी तोंडानेच सांगितलं, मी शेजारी वजनकाटा ठेवला. नाचणीचं पीठ २४० ग्रॅम, साजूक तूप १२०, कोको २०, चिरलेला गूळ ११०, दाण्याचं जाडसर कूट ४०, चिमूटभर मीठ. पीठ मंद आचेवर तुपात भाजायचं. बेसन भाजताना रंग बघतात, इथे ते चालत नाही. नाचणी आधीच तपकिरी, वर कोको पडला की कढईत सगळा अंधार. म्हणून काकू वासावर जातात. आधी कच्च्या पिठाचा मातकट वास, मग तो जातो, मग पावसाची पहिली सर पडल्यावर यावा तसा खमंग वास येतो. तिथे गॅस बंद. कोको त्याच्यानंतर, कढईच्या उरलेल्या उष्णतेवर. आधी टाकला तर करपतो, आणि करपलेला कोको म्हणजे कडूपणाच्या पलीकडचा, राखेसारखा.

"कोको तूप पितो," काकू म्हणाल्या. खरंच पितो. बाकी सगळं तेच ठेवून नुसता कोको वाढवला तर लाडू वळतानाच फुटतो. त्यावर बहुतेक जणी दुधाचा हबका मारतात. लाडू वळला जातो, पण चार दिवसांत वास मारतो. काकू दुधाऐवजी दाण्याचं कूट वापरतात, कारण मिक्सरमध्ये जरा जास्त फिरवलं की त्याला तेल सुटतं आणि तेच बांधून धरतं. गूळ घालायचा तो मिश्रण कोमट झाल्यावर. गरम असताना घातला की वितळून चिकट होतो आणि दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला बत्ता लागतो.

वेलदोडा त्या घालत नाहीत. माझंही मत तेच आहे. वेलदोडा आणि कोको एका ताटात बसले की दोघंही आपलंच बोलतात. जायफळ चालतं, सुंठ तर फार छान लागते. मिठाची चिमूट मात्र चुकवू नये. तिने कडूपणा दबतो आणि गूळ आहे त्यापेक्षा जास्त गोड भासतो. 'कमी गोड'चं सगळं गणित या चिमटीवर उभं आहे.

साखर नाही, मग काय आहे?

या प्रमाणात पंचवीस ग्रॅमचे एकवीस लाडू होतात. प्रत्येकात साधारण पाच ग्रॅम गूळ आणि सव्वाशेच्या आत-बाहेर कॅलरी. कॅलरींचा मोठा वाटा गुळाचा नाही, तुपाचा आहे. पण यादीवर लिहिताना 'साखर नाही' असंच लिहितात, 'तूप आहे' असं कुणी लिहीत नाही.

गुळाबद्दल आपल्याकडे तर्क चालत नाही, श्रद्धा चालते. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याची चव त्या मानाला साजेशी आहे, यात वाद नाही. पण गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच. शंभर ग्रॅमला कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच, थोडी खनिजं वर. ती खनिजं पोटात भरपूर जावीत म्हणून गूळ वाढवायचा तर साखरही तितकीच वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. त्या मोजणीत मधही येतो आणि गूळही.

दुसरी लाट खजुराची. ठाण्यात एका तरुण आईने करून दाखवलेला प्रकार सोपा होता. पाव किलो बिया काढलेला खजूर, १०० ग्रॅम भाजलेले बदाम, दोन चमचे कोको, मीठ, सगळं मिक्सरमधून काढून गोळे. चूल पेटवायलाच नको. चव उत्तम, खजुराचा गुळमट गोडवा आणि कोकोचा कडवटपणा एकमेकांना धरून राहतात. तिथेच बसून हिशेब केला. खजुरात सुमारे दोन तृतीयांश साखर असते. अठरा गोळे झाले, म्हणजे प्रत्येकात नऊ ग्रॅम. काकूंच्या गुळाच्या लाडवाच्या जवळपास दुप्पट. खजुराबरोबर तंतू येतात आणि अख्ख्या फळातली साखर आरोग्य संघटनेच्या त्या मोजणीत धरत नाहीत, हे खजुराच्या बाजूने बोलायला हवं. पण मधुमेह असलेल्या आजोबांना 'साखर नाही' म्हणून तीन गोळे दिले, तर त्यांच्या ग्लुकोमीटरला ही मोजणी ठाऊक नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. फराळाच्या ताटापाशी त्यातला कुणी नाही असं घर शोधावं लागेल.

गोडीच्या गोळ्या-पावडरींचा मार्गही लोक धरतात. वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका, असं आरोग्य संघटनेनेच २०२३ साली सांगितलं. माझी तक्रार चवीची आहे. कोकोच्या कडूपणावर ती कृत्रिम गोडी बसत नाही, वर तरंगत राहते.

हृदयाला चांगला म्हणतात, तो कोणता?

या गोडांच्या पाकिटावर लाल बदाम, म्हणजे हृदयाचं चित्र हमखास असतं. कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉलवर अमेरिकेत 'कॉसमॉस' नावाची मोठी चाचणी झाली. २१ हजारांहून जास्त वयस्क माणसं, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल. निकाल २०२२ साली आले. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. आशादायक आहे. पण दिलं गेलं होतं ते कॅप्सूलमधून, लाडवातून नाही, आणि खर्चाला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचा हातभार होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलने रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकायला मदत होते, हा दावा मान्य केला. काकूंच्या एका लाडवात कोको एक ग्रॅमसुद्धा नाही. पावडर उत्तम नैसर्गिक धरली तरी ३०-३५ मिलिग्रॅम, काळीभोर असेल तर चार. त्या चित्रातलं हृदय घालणाऱ्याच्या हौसेचं समजावं.

लोहाचंही तसंच. कोकोत लोह भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये १३ मिलिग्रॅमच्या वर, पण त्यातलीच पॉलिफिनॉल ते अंगी लागू देत नाहीत. आणि १०० ग्रॅम कोको खातंय कोण! याउलट नाचणीतलं कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि लाडवात निम्मी नाचणीच असते. 'हेल्दी चॉकलेट लाडू' या नावात जिला जागा मिळाली नाही, तिचंच काम त्यात जास्त आहे.

एक-दोन गोष्टी यादीवर कधीच नसतात. जगाच्या काही भागांत, विशेषतः लॅटिन अमेरिकेतल्या जमिनींत कॅडमियम जास्त असतं आणि ते बीत उतरतं. युरोपात २०१९पासून किरकोळ विक्रीच्या कोको पावडरीला किलोमागे ०.६ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आठवड्यातून दोन लाडू खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. रोज सकाळी दोन मोठे चमचे कोको 'औषध' म्हणून पिणाऱ्यांनी, आणि मुलांना पाजणाऱ्यांनी, विचार करावा. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनीही, कारण कोकोत ऑक्झलेट खूप. घरात कुत्रा असेल तर लाडवाचा डबा वर ठेवा. कोकोतलं थिओब्रोमिन त्याला विष आहे.

मुठेलाची वडी

कुडाळजवळच्या एका घरात वेगळंच काही चाललं होतं. कोको पावडर, गुळाची पूड आणि खोबरेल तेल एकत्र करून वडी थापायची, ही पद्धत बऱ्याच जणी वापरतात. कोकणात ती फसते. खोबरेल २४ अंशांना वितळतं, आणि ऑक्टोबरातल्या दुपारी कोकणात २४ अंश फक्त फ्रिजमध्ये असतात. ताटात वडी ठेवली की तिची चटणी होते.

घरातल्या सासूबाईंनी फडताळातून मुठेल काढलं. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, वाटून, पाण्यात उकळल्या की वर तरंगतं ते तेल, थंड झाल्यावर मुठीने दाबून गोळा करतात ते. टाचांच्या भेगांवर लावायचं, आणि जुन्या घरांत गरम भातावरही घ्यायचं. ते ३८ ते ४० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून वडी टणक राहते. पण नुसत्या मुठेलाची वडी तोंडातही विरघळेना, टाळूला मेण चिकटल्यासारखं झालं. कारण उघड आहे. कोको बटर ३४ अंशांना वितळतं, तोंडाची उष्णता त्याच्या थोडी वर, म्हणून चॉकलेट जिभेवर ठेवताच पसरतं. मुठेलाला तेवढी उष्णता पुरत नाही. मग सुनेने खोबरेल आणि मुठेल निम्मं-निम्मं घेतलं. ती वडी पंख्याखाली उभी राहिली आणि तोंडात विरघळली. चरबी ती चरबीच, कॅलरीत काही सुटका नाही, पण लादीची गरज संपली.

हे काही वेडं धाडस नाही. युरोपच्या चॉकलेटविषयक कायद्यात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पतिज चरब्या ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकमाची आहे आणि आंब्याच्या कोयीचीही. कोकणात कोयी उकिरड्यावर जातात.

परीक्षकाच्या खुर्चीतून

पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीने गणपतीत पाककला स्पर्धा ठेवली, विषय 'पौष्टिक गोड', आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं. टेबलभर तपकिरी रंग होता. ओट्सचे कोको लाडू, राजगिरा-कोकोची चिक्की, रताळ्याचा कोको हलवा, कोकोची करंजी. प्रत्येक ताटलीपुढे घटकांचं कार्ड. दोन कार्डांवर कंडेन्स्ड मिल्क 'एक लहान डबा' असं शेवटी, बारीक अक्षरांत. त्या चारशे ग्रॅमच्या डब्यात दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते. साखरेचं नाव कार्डावर अर्थातच नव्हतं.

रताळ्याचा हलवा मला फार आवडला. उकडलेलं रताळं, थोडं तूप, कोको, मीठ, आणि साखर किंवा गूळ अजिबात नाही. रताळ्याची स्वतःची गोडी कोकोला पुरून उरली होती. करणारा मुलगा अकरावीतला. त्याने कोको आधी चार चमचे कढत पाण्यात भिजवला होता, त्याने चव खुलते आणि गुठळ्या होत नाहीत, हे त्याने मला न विचारता समजावून दिलं. मी त्याला पहिला नंबर देऊन मोकळी झाले.

सहपरीक्षक, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी चमचाभर खाल्ला आणि पाणी मागितलं. "हे गोड कुठाय?" त्यांनी विचारलं. मी विषयाची आठवण करून दिली. त्यांनी टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या, कोकोचा कणही नसलेल्या उकडीच्या मोदकांकडे बोट केलं. तांदूळ, खोबरं, गूळ, वर तूप. यात पौष्टिक काय, असं मी विचारताच त्या म्हणाल्या, "दोन खाल्ले की तिसरा जात नाही." बरीच घासाघीस झाली. पहिला नंबर मोदकांना गेला, हलव्याला दुसरा, आणि अकरावीतल्या मुलाने बक्षीस घ्यायच्या आधी रांगेत उभं राहून तीन मोदक खाल्ले.